धोट्याची दोरी

"भिंतीकडे कोणी उभं राहायचं नाही," विणकर तिसऱ्यांदा म्हणाला आणि पुन्हा डोकी मोजू लागला. बावीस. बावीसच्या बावीस मुले खिडकीच्या बाजूला दाटीवाटीने उभी होती, तरी त्याचे समाधान होईना. एक मुलगा बुटाची नाडी बांधायला खाली वाकला आणि मोजणी एकवीसवर आली, तेवढ्याने त्याने पुन्हा एकपासून सुरुवात केली.

चित्रकलेच्या वर्गात आज पहिल्यांदाच मोठा माग चालणार होता. गेले दोन महिने मुलांनी पुठ्ठ्याला खाचा पाडून, त्यावर दोरे ताणून, जाड सुईने लोकर ओवत वीतवीतभर पट्ट्या विणल्या होत्या. उभा तो ताणा, आडवा तो बाणा, हे त्यांना आता झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगता आले असते. पुठ्ठ्याने कोणाला इजा होत नाही. त्यामुळे ते दोन महिने विणकराला सुखाचे गेले. पण एका बंद पडलेल्या विणकामशाळेने आपला लाकडी माग या शाळेला देऊन टाकला. चित्रकलेच्या बाईंना आभाळ ठेंगणे झाले आणि विणकराची झोप उडाली.

माग जोडला त्यानेच, सुटीत चार दिवस एकट्याने खपून. सगळे जागच्या जागी बसवले, एक दोरी सोडून. धोटा म्हणजे होडीच्या आकाराचा लाकडी ठोकळा, दोन्ही टोकांना पोलादी टोपणे, पोटात दोऱ्याची कांडी. ताण्याच्या दोऱ्यांमधून तो इकडून तिकडे जातो आणि आडवा दोरा मागे सोडत जातो. त्याला थांबायला मागाच्या दोन्ही टोकांना लाकडी खोकी असतात आणि मधोमध एक दोरी लोंबत असते. दोरीला झटका दिला की धोटा एका खोक्यातून सुटतो आणि पापणी लवायच्या आत दुसऱ्या खोक्यात जाऊन आदळतो. ती दोरी विणकराने सोडवून घरी नेली होती आणि कपड्यांच्या ट्रंकेत तळाशी ठेवली होती. मुलांना त्याने सांगितले की धोटा हाताने सरकवायचा. चित्रकलेच्या बाईंनाही तेच सांगितले. त्या रंगातल्या, त्यांना मागातले काय ठाऊक? त्या म्हणाल्या, बरं आहे, मुलं जरा सावकाशीनं काम करायला शिकतील.

एकेक मूल येऊन बसू लागले. पाय दोरे उघडणाऱ्या पावडीवर, धोटा हातात, जीभ दातांत. विणकर प्रत्येकाच्या खांद्याशी वाकून उभा राहायचा आणि त्याचा एक डोळा कायम भिंतीच्या बाजूच्या मोकळ्या जागेवर असायचा. कामाला तो उत्तम होता. सुटलेला दोरा तो न बघता बोटांनी शोधायचा. पण मुलांना त्याचे हसू यायचे, कारण एवढा मोठा माणूस वर्गात सतत दचकत असे. फळ्यावरचा डस्टर पडला तरी तो मान आत ओढून घ्यायचा.

मुलांमध्ये एक मुलगी होती, तिला सगळे भिंगरी म्हणत. जागेवर बसणे तिच्या गावीच नव्हते. आठवड्यातून दोनदा तरी मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर उभी असायची. पण हात असा की पुठ्ठ्यावर तिने सर्वांआधी पट्टी पुरी केली होती आणि कोणी न शिकवता कडेला नक्षीही काढली होती. आपली पाळी झाल्यावर ती उठली नाही. मागाच्या टोकाच्या खोक्यात बोट घालून चाचपत राहिली आणि विचारती झाली की काका, ही खोकी कशाला?

विणकराने क्षणभर तिच्याकडे पाहिले. "शोभेची आहेत," तो म्हणाला आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

घरी त्याची धाकटी बहीण होती. दोघेच राहत. तो सत्तावन्नचा, ती एकोणपन्नासची. दिवसभर ती रहाटावर कांड्या भरायची. आधी कारखान्यासाठी, आता शाळेसाठी. तिला डावा डोळा नव्हता. पाच वर्षांची असताना बापाच्या मागावरून सुटलेला धोटा लागला होता. बाप तेव्हा सूत आणायला गेला होता आणि मागावर तेरा वर्षांचा भाऊ बसला होता. धाकटीला त्या दिवसाचे काहीच आठवत नव्हते. तिला ठाऊक होते ते घरात सांगितले गेलेले. शंभरदा बजावूनही ती मागाच्या कडेला जाऊन उभी राहिली. आपणहून गेली. आईने मरेपर्यंत हेच सांगितले आणि धाकटी स्वतःही तसेच सांगत आली. नवे कोणी भेटले, डोळ्याकडे पाहून घुटमळले, की ती हसून म्हणायची, मी लहानपणापासून आगाऊ, सांगितलेलं ऐकेन तर शपथ. स्थळे आली आणि परत गेली, तेव्हाही तिने कोणाला बोल लावला नाही. माझंच मी करून घेतलं, म्हणायची.

विणकर हे सगळे ऐकून घ्यायचा आणि उठून काहीतरी कामाला लागायचा. चव्वेचाळीस वर्षे त्याने असेच काढली होती.

पुढच्या आठवड्यातला तो मंगळवार होता. तास सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. चित्रकलेच्या बाईंना कचेरीतून बोलावणे आले. तेवढ्यात कांडी संपली आणि भरलेल्या कांड्यांचा डबा शिक्षकांच्या खोलीत राहिल्याचे विणकराच्या ध्यानात आले. मागाला कोणी हात लावायचा नाही, असे सांगून तो गेला. जायला दोन मिनिटे, यायला दोन मिनिटे. येताना वर्गातला गलबला एकदम थांबलेला त्याला ऐकू आला.

तो दारात आला. भिंगरी मागावर बसली होती. उड्या मारायची दोरी अर्धी करून तिने दोन्ही खोक्यांतल्या, धोट्याला ढकलणाऱ्या सरकत्या लाकडी गुटक्यांना बांधली होती, मधोमध गाठ मारली होती आणि ती गाठ मुठीत धरली होती. अगदी जशी असायला हवी तशी. सगळी मुले तिच्याभोवती होती. फक्त एक, चष्मा लावणारी, भिंतीकडच्या टोकाला जाऊन, खोक्यात धोटा कसा येतो ते बघायला वाकली होती.

त्याला ओरडायचे होते. तोंड उघडले, पण आवाज फुटेना. हात पुढे झाला तो रिकाम्या हवेत. हातातला डबा निसटला आणि कांड्या फरशीवर घरंगळल्या. भिंगरीने मान वळवून त्याच्याकडे बघितले आणि बघता बघता दोरी ओढली.

धोटा दोऱ्यांत अडखळला, उसळला आणि खोक्यावरून बाहेर गेला. चष्मेवालीने नुसते "अगं" म्हटले आणि ती खाली बसली.

पुढचे त्याला तुटक तुटकच आठवे. तिच्या कानशिलावर आपण फडके दाबून धरले होते. ते लाल होत चालले होते आणि आपण सारखे विचारत होतो, दिसतंय का बाळा, दिसतंय का, किती बोटं आहेत सांग. ती म्हणाली, चार. बरोबर चारच होती. तरी त्याने तिला पुन्हा विचारले. मग बाई धावत आल्या, कोणीतरी रिक्षा आणली. डॉक्टरांनी कानशिलाला चार टाके घातले आणि डोळ्याला धक्का नाही असे सांगितले. थोडक्यात निभावलं, सगळे म्हणाले. विणकराच्या जिवात जीव आला नाही.

दुपारी मोठ्या बाईंच्या खोलीत चौकशी झाली. चष्मेवालीची आई खुर्चीवर बसली होती. ती रुग्णालयात परिचारिका होती, कामाच्या कपड्यांतच आली होती. ती ओरडली नाही, एवढेच म्हणाली की असे गेलेले डोळे मी रोज बघते. भिंगरी कोपऱ्यात उभी होती, हात पाठीमागे. तिचे आईवडील यायचे होते. मोठ्या बाई विणकराकडे वळल्या.

"तुम्ही मुलांना सांगितलं होतं ना, मागाला हात लावायचा नाही म्हणून?"

"हो," विणकर म्हणाला.

"म्हणजे हिनं आपणहून केलं."

हे शब्द त्याने आधी ऐकले होते. तेरा वर्षांचा असताना बापाने उंबऱ्यात उभे राहून हेच विचारले होते. ती आपणहून आली का? तेव्हा तो हो म्हणाला होता.

"हो," तो म्हणाला.

भिंगरीने खाली बघितले नाही. तिने हळूच विचारले, "काका, दोरी अशीच असते ना? तुम्ही म्हणालात खोकी शोभेची आहेत. पण ती आतून घासलेली होती."

मोठ्या बाई म्हणाल्या, उलट बोलू नकोस. विणकर आपल्या पायांकडे बघत राहिला. भिंगरीला चित्रकलेच्या वर्गातून वर्षभरासाठी काढायचे ठरले. दुसऱ्या दिवशी सकाळी आईवडिलांसमोर तशी चिठ्ठी द्यायची होती.

त्या संध्याकाळी तो घरी जेवला नाही. पोट बिघडलंय म्हणाला. धाकटीने चारदा विचारले, शाळेत काही झालं का. त्याने नाही म्हटले. ती आपली रहाट फिरवत बसली, उद्याच्या कांड्या भरत. त्या आवाजाकडे पाठ करून तो पडून राहिला. भीती त्याला नवी नव्हती. अंथरुणातून उठताना ती त्याच्याबरोबर उठायची आणि निजताना बरोबर निजायची. पण आजवर ती मागे घडलेल्या गोष्टीची होती. आता तिला पुढचे तोंड फुटले होते. त्या पोरीला आता कोणीतरी जन्मभर सांगत राहणार, तू अशीच, तू आगाऊ. आणि हळूहळू तीही हसून तेच सांगू लागेल.

सकाळी धाकटी चहा घेऊन आली तेव्हा तो ट्रंक उघडून बसला होता. दोरी त्याच्या मांडीवर होती. चहाचा पेला त्याने खालीच ठेवायला सांगितला.

"बस," तो म्हणाला. "तुला सांगायचंय."

ती बसली. त्याने सांगायला सुरुवात केली ती कालच्या गोष्टीपासून, कारण ती सोपी होती. धाकटी मधूनमधून अगं बाई म्हणत होती, पोरीचा डोळा वाचला ना, विचारत होती. मग तो थांबला. बाहेर कोणीतरी बादली आपटली आणि तो दचकला. मग दोरीकडे बघत बोलला.

"तू आपणहून आली नव्हतीस. मी तुला तिथे उभं केलं होतं. मी दोरी नवीनच ओढायला शिकलो होतो. मला कोणालातरी दाखवायचं होतं. मी म्हटलं, त्या टोकाला उभी राहा, धोटा कसा येतो बघ. बाबांना मी खोटं सांगितलं."

पेल्यातल्या चहावर साय धरेपर्यंत धाकटी तशीच बसून होती. मग तिने विचारले, "मी हट्ट केला होता? मला बघायचंय म्हणून?"

खोटे बोलायची ही शेवटची सोय होती, आणि ती तिनेच त्याला देऊ केली होती. त्याच्या मनाने ती घेतलीही. पण तोंडातून निघाले ते दुसरेच.

"नाही. तू नको म्हणत होतीस. तुला आवाजाची भीती वाटायची. मी ओरडलो, तेव्हा जाऊन उभी राहिलीस."

"म्हणजे मी ऐकणारी होते," धाकटी म्हणाली.

ती उठली. रहाटाजवळ गेली, भरलेल्या कांड्या डब्यात एकेक करून लावल्या, झाकण लावले आणि डबा त्याच्या पिशवीशेजारी ठेवला. मग मागच्या दाराने बाहेर गेली. तो हाक मारणार होता. कोणत्या तोंडाने मारायची, ते त्याला सुचले नाही.

शाळेपर्यंतचा रस्ता वीस मिनिटांचा. त्यात तो दोनदा परत फिरला. दुसऱ्या वेळी तर चांगला कोपऱ्यापर्यंत आला, बंद दुकानाच्या पायरीवर बसला आणि स्वतःला समजावू लागला. एका वर्गातून काढलं म्हणून पोरीचं काय मोठं बिघडणार आहे, पोरं विसरतात. या वयात दुसरं काम कोण देणार आहे, आणि आता घरी तरी काय उरलंय. हे शेवटचे मनात आले तसा तो उठला. घरी जे व्हायचे ते होऊन गेले होते. आता निदान तिथे परत पळायला जागा नव्हती.

मोठ्या बाईंच्या खोलीत भिंगरीचे आईवडील आलेले होते. दोघेही कामावरून रजा टाकून आलेले, अवघडून कडेकडेने बसलेले. चित्रकलेच्या बाईही होत्या. चिठ्ठी टेबलावर होती, सही व्हायची होती. विणकराने आत यायची परवानगी विचारली, पण उत्तराची वाट बघितली नाही. पिशवीतून दोरी काढली आणि चिठ्ठीवर ठेवली.

"ही त्या मागाची दोरी. खोकी शोभेची नाहीत. मी हिला खोटं सांगितलं."

मोठ्या बाईंना काही उमजेना. त्याने मग सावकाश उलगडून सांगितले. हे माग दोरीनेच चालतात. दोरीने धोटा सुटतो, चुकला तर बाहेर उडतो, माणसाचा डोळा घेतो. म्हणून मागाच्या टोकाला उभे राहायचे नसते आणि त्या बाजूला जाळी लावायची असते. हे सगळे त्याला ठाऊक होते. त्याने मुलांना यातले काही सांगितले नाही, बाईंनाही नाही, दोरी तेवढी लपवून ठेवली. भिंतीकडे उभे राहू नका म्हणाला, पण का ते कधी सांगितले नाही.

"या पोरीनं नुसती खोकी बघून दोरी जोडली," तो म्हणाला. "मला ते शिकायला वर्ष लागलं होतं. धोका कुठे आहे ते तिला कोणी सांगितलंच नाही. ते सांगणं माझं काम होतं."

"मग काल का नाही बोललात?" मोठ्या बाईंनी विचारले.

"भ्यालो."

"कशाला?"

माझ्या बहिणीचा डोळा मी घालवलाय, एवढेच तो म्हणाला, आणि त्या खोलीत पुन्हा कोणी काही विचारले नाही. भिंगरीची आई पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती, ती थांबली. चित्रकलेच्या बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. तो त्याने दोन्ही हातांनी धरला.

चिठ्ठी फाडली गेली. भिंगरीला चष्मेवालीच्या घरी जाऊन माफी मागायला सांगितले, आणि ती त्याच संध्याकाळी गेलीही. मागावर पांढरी चादर पडली. विणकराला कामावर ठेवायचे की नाही यावर तीन आठवडे खल चालला. त्या तीन आठवड्यांत तो पुन्हा पुठ्ठ्यांवर शिकवत राहिला. कोणी शिपाई दाराशी आला की निरोप आलाच, असे त्याला वाटे. शेवटी परिचारिकेनेच मोठ्या बाईंना कळवले म्हणे की धोका ठाऊक असलेला माणूस काढून धोका ठाऊक नसलेला आणण्यात काय शहाणपण आहे. मात्र माझी मुलगी पुठ्ठ्यावरच विणेल, हेही तिने लिहिले.

मागाला दोन्ही बाजूंनी तारेची जाळी बसली. फरशीवर लाल रंगाने रेघ मारली गेली. पहिल्या दिवशी विणकराने बावीस मुलांना रेघेमागे बसवले, धोटा सर्वांच्या हातांतून फिरवला, पोलादी टोपणावर प्रत्येकाला बोट टेकवून बघायला लावले. मग जाळीत एक भोपळा ठेवून त्याने मुद्दाम चुकीचा झटका दिला. भोपळ्याला पडलेले भोक बघून मुलांचे चेहरे उतरले. त्याचा स्वतःचा तर पांढराफटक पडला होता. मग त्याने भिंगरीला बोलावले. ती उठली, पण मागाशी येऊन थबकली. तिचे हात पाठीमागे गेले.

"भीती वाटते?" त्याने विचारले.

तिने मान हलवली.

"मलाही वाटते. बस. पाय आधी, दोरी नंतर. दोरे नीट उघडले का बघ. आणि ओढायची ती मनगटानं, रागानं नाही."

तिने ओढली. धोटा पलीकडच्या खोक्यात जाऊन खट्कन बसला. मुले टाळ्या पिटू लागली. त्या आवाजाने विणकर दचकला, मग तोही हसला. तास संपेपर्यंत मात्र तो मागाच्या खांबाला धरून उभा होता.

घरी धाकटी त्या सकाळपासून त्याच्याशी कामापुरते बोलत होती. पाणी तापलंय. दार लाव. भांडली नाही, रडली नाही. रडली असती तर बरे, असे त्याला वाटे. कांड्या भरायचे तिने सोडले. तो रात्रीपर्यंत रहाटावर बसून स्वतः भरायचा, त्याच्या हाताला त्या सैल होत आणि वर्गात दोरा गुंतला की मुले त्याला हसत. ती दिवसाची बाहेर जाऊ लागली होती, कुठे जाते ते सांगत नव्हती. एकदा तिच्या उशाशी छायाचित्रकाराच्या दुकानाची पावती दिसली. आयुष्यात तिने फोटो काढून घेतला नव्हता. कसला फोटो, हे विचारायचा धीर त्याला झाला नाही. ती निघून जाईल का, कुठे जाईल, आणि नाही गेली तर ही शांतता किती दिवस पुरेल, यांतल्या कशाची जास्त भीती वाटते, हे त्याचे त्यालाच कळत नव्हते.

भिंगरीने दोरी ओढली त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ताटे वाढलेली होती. हातपाय धुऊन तो आत आला आणि नेहमीच्या जागेकडे वळला. ती जागा धाकटीच्या डाव्या हाताला होती, जिकडे तिला दिसत नसे. लहानपणापासून तो तिथेच बसत आला होता. का ते कोणी विचारले नव्हते, आणि तिथे बसले की घास सुखाने खाली उतरे.

तिथे आज पाट नव्हता. धाकटीने तो उचलून आपल्या उजव्या हाताला, नजरेसमोर येईल असा मांडला होता. ताटही तिकडेच होते.

तो उभाच राहिला. ती वाट बघत होती. शेवटी तो जाऊन बसला. मान खाली घालून पहिला घास घेतला, तो तोंडातच फिरत राहिला. तिची नजर कपाळाला जाणवत होती. बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली. ती जेवत होती आणि जेवता जेवता, न हसता, न रागावता, आपल्या एका डोळ्याने त्याच्याकडे बघत होती. त्याने या वेळी मान खाली घातली नाही.